'पहिली महिला' या बिरुदांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

तीन जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांची जयंती, जवळ आली की साताऱ्यात भावकीच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. महिला दिनाच्या आठवड्यात तोच पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: 'पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक' हा नुसता गाजावाजा आहे. पुरुषांनी आधीच करून ठेवलेलं काम बाईने नंतर केलं, तर त्यात इतिहास कसला? बहुतेकींना घरच्या पुरुषांनी पुढे आणलं, बाकीच्यांना सवलतीने. निम्मी बिरुदं तर खोटीच आहेत. आणि आता सगळी दारं उघडी आहेत, तेव्हा हे मोजणं थांबवा.

भाषा सभ्य आहे, म्हणून चांगली माणसंही तो पुढे पाठवतात. मला तो घातक वाटतो. त्याला उत्तर द्यायला लांब जायची गरज नाही, सातारा-सांगलीतली माणसं पुरेशी आहेत.

'पुरुषांनी आधीच केलं होतं' या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण वरवर तो सगळ्यात पटणारा आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची शर्यत, धावली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत तिथवर पोहोचायला भारतीय बाईला ३२ वर्षं लागली. आता मेसेज लिहिणारा म्हणेल, पुरुष तर स्टीपलचेस केव्हापासून धावतायत. धावतायतच. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्टीपलचेस १९०० साली होती. बायकांची पहिल्यांदा झाली ती २००८ मध्ये, बीजिंगला. मधली १०८ वर्षं जगातल्या कुठल्याही बाईला ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावताच येत नव्हती. १९२८ मध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत एकदा झाली, मग 'हे त्यांना झेपत नाही' असं ठरवून थेट १९६० पर्यंत बंद ठेवली. मॅरेथॉन मिळाली १९८४ मध्ये. ज्याला आधी सोडलं तो आधी पोहोचला. यात पुरुषांचं वेगळं कर्तृत्व काय, ते मेसेजने सांगावं.

ट्रॅक सोडून पुस्तकांकडे वळलं तरी हेच दिसतं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. भारतात बायकांना वकिली करायची मुभा देणारा कायदा आला १९२३ मध्ये. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी न धरता कामाची परीक्षा पाहायची, या अटीवर त्यांना घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्या 'पहिली' ठरल्या याचा अर्थ आधीच्या मुलींमध्ये कुवत नव्हती असा लावायचा, की त्यांना दारातूनच परत पाठवलं असा?

शिवाय 'पुरुषांनी आधी केलं' हे दर वेळी खरंही नसतं. साताऱ्याच्या शेरेवाडीची अदिती स्वामी. तेव्हा वय १७. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण. तिरंदाजीत वरिष्ठ गटातलं वैयक्तिक जगज्जेतेपद तोवर कुठल्याही भारतीयाला मिळालं नव्हतं, पुरुषालाही नाही. ओजस देवतळेने पुरुषांचं सुवर्ण जिंकलं ते त्याच दिवशी, पण तिच्यानंतर. तेव्हा अदितीच्या नावापुढे 'पहिली महिला' लिहिणं हेच कमी लिहिणं आहे. ती पहिली भारतीय आहे.

याच अदितीमुळे सवलतीचा मुद्दाही निकालात निघतो. कंपाउंडमध्ये मुलगा असो की मुलगी, अंतर ५० मीटरच आणि लक्ष्याचा आकारही तोच. पण सवलतीच्या मुद्द्याला खरं उत्तर आहे सुरेखा यादव यांच्या नोकरीत, म्हणून तिथे जरा थांबते.

सुरेखाताई मूळच्या साताऱ्याच्या, शेतकरी घरातल्या, पाच भावंडांत थोरल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलची पदविका घेतली. रेल्वेची लेखी परीक्षा आणि मुलाखत देऊन १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक हे बिरुद त्यांना पुढे लागलं, पण ते कुणी हारतुरे घालून दिलेलं नाही. आधी सहायक, मग मालगाडी, २००० मध्ये मुंबईची लोकल, मग घाट, आणि २०११ च्या महिला दिनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन. रेल्वेत पायऱ्या अशाच चढाव्या लागतात, उड्या मारता येत नाहीत. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. पुण्याहून जाताना तो उतार होतो आणि भरलेली गाडी ब्रेकवर धरून खाली आणावी लागते. तिथे चूक झाली तर चालवणारी बाई आहे म्हणून गाडी सांभाळून घेत नाही. इंजिनांत स्वच्छतागृह नसायचं, तेव्हापासूनची त्यांची नोकरी. मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली, सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त झाल्या. ३६ वर्षं. सवलतीवर ३६ वर्षं गाडी चालत नाही.

'घरच्या पुरुषांनी पुढे आणलं' हा वार बहुतेक सावित्रीबाईंवरच असतो, मेसेज तीन जानेवारीला निघतो तो काही उगाच नाही. जोतिरावांनी त्यांना शिकवलं हे खरंच आहे, आणि ते जोतिरावांचं मोठेपण आहे. पण खंडाळा तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी, नायगावला, १८६८ मध्ये काय घडलं ते वाचा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी एकमेकांवर जीव लावून बसले. गाव त्यांना मारायला उठलं. सावित्रीबाई धावत गेल्या, जमावाला इंग्रजी कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवलं आणि जोतिरावांकडे पाठवून दिलं. हे त्यांच्याच पत्रातून आपल्याला कळतं. जोतिराव तेव्हा तिथे नव्हते. पत्र त्यांनाच लिहिलेलं आहे! 'काव्यफुले' १८५४ मध्ये छापलं गेलं, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. १८९० मध्ये जोतिराव गेले, त्यानंतर १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष त्याच होत्या. १८९७ मध्ये प्लेग आला तेव्हा आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्याही त्याच, आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. नवऱ्याच्या मागे सहा वर्षांहून जास्त काळ हे सगळं त्यांना कोण करायला लावत होतं?

सांगलीच्या स्मृती मानधनाचा भाऊही क्रिकेट खेळायचा, त्याला बघून ती खेळायला लागली. पण २०१३ मध्ये बडोद्याला एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा झाल्या त्या तिच्या बॅटमधून. घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय पुरुषही कुठे पोहोचत नाहीत. फक्त त्यांच्या यशातून तो पाठिंबा कुणी वजा करत नाही.

खोट्या बिरुदांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. भिडेवाड्यातली १८४८ ची शाळा 'देशातली मुलींची पहिली शाळा' म्हणून सांगतात. मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीपासून होत्या. भिडेवाड्याचं मोल त्याने कमी होत नाही. पुण्यात, सनातन्यांच्या नाकासमोर, आपल्याच माणसांनी काढलेली ती शाळा होती. 'पहिली महिला डॉक्टर' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी मिळवली, पण पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक ठरलेली होती, ती राहूनच गेली. दवाखाना चालवून वर्षानुवर्षं रुग्ण पाहणाऱ्यांमध्ये कादंबिनी गांगुली आणि रखमाबाई यांची नावं घ्यायला हवीत. बिरुद चुकलं तर दुरुस्त करावं. बाईच यादीतून पुसून टाकण्याचं ते निमित्त होऊ नये.

राहिला उघड्या दारांचा मुद्दा. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्यात आहे, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. शहरातल्या किती घरांनी आपली मुलं तिथून एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पाठवली! मुली? सैनिक शाळांमध्ये सरसकट मुलींना प्रवेश सुरू झाला २०२१-२२ पासून. साठ वर्षं साताऱ्याच्या पोरी त्या फाटकासमोरून सायकलवर गेल्या. एनडीएची दारं उघडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, आणि तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ३० मे २०२५ ला. सतरा जणी.

ज्या मुली २०२१-२२ मध्ये सैनिक शाळेत सहावीत आल्या, त्या २०२७-२८ मध्ये बारावीला असतील. त्यांच्यातल्या कुणाची एनडीएत निवड झाली की 'पहिली' म्हणून बातमी येईलच. हा मेसेज जिथे जिथे फिरला, त्या प्रत्येक ग्रुपवर मी ती नावासकट टाकणार आहे.