नऊ पोरांची शाळा

पोस्ट मोठी झालीय, आधीच सांगतो. चैत्रात गावच्या यात्रेला गेलेलो. माण तालुक्यातलं छोटं गाव आमचं. पालखी निघायला वेळ होता म्हणून सहज जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकावलो, सकाळची शाळा चालू होती, तर पहिली ते चौथी मिळून पट किती, नऊ. नऊ! माझ्या वेळी नुसत्या चौथीत आम्ही एकतीस जण होतो आणि बसायला पट्ट्या पुरायच्या नाहीत म्हणून घरनं पोतं न्यायचो. शाळा मात्र आत्ता आमच्यापेक्षा शंभर पट भारी दिसते, भिंतीवर चित्रं, टीव्ही, फरशी, पोरींना वेगळं टॉयलेट. सर पण चांगले वाटले, पोरं न घाबरता बोलत होती. सगळं आहे, फक्त पोरं नाहीत.

पोरं कुठं गेली हे विचारायची गरज नव्हती कारण सकाळीच पिवळी बस बघितली होती. सात वाजता चावडीपाशी हॉर्न वाजवते आणि टाय लावलेली पोरं अर्धी झोपेत चढतात, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला. कुणाची पोरं? सरपंचाची, सोसायटीच्या चेअरमनची, ग्रामसेवकाची, दुकानदाराची आणि (हे लिहिताना बरं वाटत नाही पण लिहितो) शेजारच्या गावात झेडपीच्याच शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींची. मग या नऊ जणांत कोण, तर चार धनगरवाड्यातली, दोन पोल्ट्रीवर काम करायला बिहारहून आलेल्या जोडप्याची, दोन ऊसतोडीला जाणाऱ्यांची जी आजीजवळ राहतात, आणि एक बिनबापाची पोरगी.

आता कमेंटमध्ये लगेच येणार की गुरुजी शिकवत नाहीत, अपडाऊन करतात, मुख्यालयी राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडं उचलतात. असं करणारे आहेत, नाही म्हणत नाही. आणि दुसऱ्या बाजूने येणार की मास्तरला शिकवू कुठं देता, मतदार यादीचं बीएलओचं काम, सर्व्हे, खिचडीचा हिशोब, रोज नवीन लिंक भरा. ते पण खरं. पण मला या भांडणात पडायचंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा आधी खराब झाली आणि मग लोक गेले असं आपण सांगत असतो, बऱ्याच गावांत ते उलटं झालंय. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो माणूस आपलं पोर घेऊन आधी गेला आणि मग शाळेसाठी भांडणारं कुणी उरलंच नाही. पत्रा उडाला तर बीडीओला फोन कोण करणार, पोल्ट्रीवरचा बिहारी?

माझी आजी सांगायची, तिच्या आईच्या वेळची गोष्ट. पहाटे जात्यावर बसायच्या आधी बाया मूठभर जोंधळा बाजूला एका मडक्यात टाकायच्या, भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 ला कराडजवळच्या काले गावात सुरू झाली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ असतं. पण मला त्या मुठीचं नवल वाटतं. आजी म्हणायची, "आमच्या घरातलं कुनी बी गेलं न्हाई त्या बोर्डिंगात, तरी आय टाकायचीच." म्हणजे बघा, आमच्या माणमध्ये, जिथं दोन वर्षं पाऊस आला नाही की चारा छावणीची वाट बघायची, तिथल्या बाईनं कुठल्यातरी दुसऱ्याच बाईच्या पोरासाठी आपल्या पिठातली मूठ कमी केली. शाळेशी तिचा काय संबंध? पोर नाही, नातू नाही. पण ती शाळा तिची होती, कारण तिची मूठ त्यात होती.

आमच्या झेडपीच्या दोन खोल्या पण गावानंच बांधल्यात, श्रमदानानं. दगड आमच्या आजोबांच्या बैलगाडीनं आणलेत. आता त्याच खोलीबद्दल गावात बोलतात की शाळा बंद झाली तर ग्रामपंचायतीला गोडाऊन होईल. हसत हसत बोलतात, राग पण येत नाही कुणाला.

आणि बंद होऊ शकते हं, अफवा नाही. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळा होत्या महाराष्ट्रात, तेव्हा सरकारने समूह शाळांचं काढलं होतं, म्हणजे आसपासच्या बारक्या शाळा एकत्र करून एक मोठी आणि पोरांना गाडी. कागदावर वाईट नाही. जास्त पोरं, जास्त शिक्षक, खेळायला सवंगडी, एकट्या मास्तरनं चार वर्ग रेटण्यापेक्षा बरंच. पण आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं ठरलंय ते उगाच नाही, धनगरवाड्यावरनं खाली यायलाच पाऊण तास लागतो आणि गाडी एक दिवस चुकली की पोरगी घरी, आठ दिवस चुकली की कायमची घरी. ज्यांच्या घरी स्कूटर आहे ते आधीच गेलेत, समूह शाळेचा प्रश्न फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे.

महात्मा फुल्यांनी 1882 ला इंग्रज सरकारच्या शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं त्यात हाच हिशोब मांडलाय. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो वरच्या थरावर, मग ज्याच्या पैशावर चाललंय त्याच्या पोराला प्राथमिक शिक्षण द्या ना आधी. आणि शाहू महाराजांनी 1917 ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळचा रुपया. म्हणजे राजा म्हणत होता की तुझं पोर शिकणं ही तुझी खाजगी भानगड नाही. आपण आता बरोबर उलट्या टोकाला आलोय, माझं पोर, माझे पैसे, माझी चॉईस, बाकीच्यांचं मला काय.

अलाहाबाद हायकोर्टाने 2015 मध्ये निकाल दिला होता की सरकारी पगार घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश सगळ्यांनी आपली पोरं सरकारी शाळेत घालावीत. तेव्हा व्हॉट्सॲपवर काय टाळ्या पडलेल्या. पुढं काही झालं नाही. होणार पण नव्हतं, कारण हुकूम पाळायचा कुणी, ज्यांनी अंमलात आणायचा त्यांनीच.

बरं फक्त श्रीमंतच पळतायत असंही नाही. 2024 ला सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या, गरीब पोरांसाठीच्या 25 टक्के जागा द्यायची गरज नाही, तर पालकच कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. मला तेव्हा आनंदच झाला होता, अजूनही कोर्टाचं बरोबरच वाटतं, रिक्षावाल्याच्या पोरानं का नाही त्या शाळेत बसायचं? पण नंतर विचार केला तर जरा चमत्कारिक वाटलं. गरीबातला गरीब माणूस सुद्धा सरकारी शाळेत ढकलू नका म्हणून सरकारविरुद्ध भांडतोय. हे त्या शाळेतल्या शिकवण्याबद्दल कमी आणि तिथं बसलं की माणूस काय ठरतो याबद्दल जास्त आहे.

आता तुम्ही विचाराल तुझी पोरगी कुठंय. पुण्यात. सीबीएसई. हप्त्याने फी भरतो, मोठी फी आहे, आकडा सांगत नाही कारण ग्रुपवर वडील आहेत. घराजवळ महापालिकेची शाळा आहे, चालत चार मिनिटं, आजवर एकदाही आत गेलेलो नाही, मतदानाचा दिवस सोडून. बायको म्हणाली तत्त्वासाठी पोरीवर प्रयोग नको आणि खरं सांगायचं तर मी फार वाद घातला नाही, कुणीतरी आपल्या वतीने हे बोलतंय याचं बरंच वाटलं. त्यामुळं ही पोस्ट कुणाला शहाणपण शिकवायला नाही. बस सुटली तेव्हा आत बसणाऱ्यांत मीपण होतो.

बघितलेलं अजून एक सांगतो. सोलापुरात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना 2020 ला ग्लोबल टीचर प्राईज मिळालं तेव्हा आमच्या गावात फ्लेक्स लागला होता, "झेडपीचा अभिमान". फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यातल्या एकाचंही पोर झेडपीत नव्हतं.

त्या दिवशी सरांशी शाळा व्यवस्थापन समितीचा विषय निघाला. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालकच लागतात आणि निम्म्या बायका. आमच्या वेळी अशी कमिटी असती तर अध्यक्षपदासाठी पॅनल पडली असती बहुतेक. आता पालकच मोजके, त्यामुळं अध्यक्ष धनगरवाड्यावरची एक बाई आहे. सर म्हणाले हुशार आहे, मिटिंगला सगळ्यात जास्त तीच बोलते, पाण्याच्या टाकीसाठी पंचायतीत जाऊन भांडली पण. मी म्हटलं भेटतो ना त्यांना, तर म्हणाले आत्ता नाही भेटणार, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलीय. मग त्यांनी ठरावाची वही उघडून दाखवली, छताच्या दुरुस्तीचा ठराव फेब्रुवारीपासून लिहून तयार आहे, खाली अध्यक्षाच्या सहीची जागा रिकामी. पावसाच्या तोंडावर मेंढरं वर येतात, तेव्हा सही होईल म्हणाले.