कर्णबधिर पोरांच्या कॅम्पवरचा तो फॉरवर्ड

सध्या जळगाव-धुळ्याच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की कर्णबधिर मुलांचे खेळाचे आणि लीडरशिपचे कॅम्प म्हणजे पैशाची उधळपट्टी, ज्याला शिट्टी ऐकू येत नाही तो खेळणार काय, ज्याला बोलता येत नाही तो पुढारी होणार कसा, त्यापेक्षा कानाचं मशीन द्या आणि नॉर्मल पोरांत खेळवा, मोठं झाल्यावर पॅरालिम्पिक आहेच.

शिट्टीचं आधी. काय भो, आपल्याकडच्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल बघितली नाही का कधी? ढोल एवढा वाजतो की शिट्टी कोणालाच ऐकू येत नाही, पंच हात लावूनच जोड सोडवतो. डेफलिम्पिक म्हणजे कर्णबधिरांचं ऑलिम्पिक, तिथे पळायला-पोहायला लाईटवर स्टार्ट देतात, फुटबॉलचा रेफ्री झेंडा हलवतो, झालं. हरियाणाच्या वीरेंद्र सिंगने तिथे 2005, 2013 आणि 2017 ला कुस्तीत गोल्ड मारलं, 2021 ची पद्मश्री आहे त्याला. 2022 ला ब्राझीलमध्ये आपली 16 मेडल आली, त्यातली 8 गोल्ड.

पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांचा गटच नाहीये. त्यांची स्वतःची स्पर्धा पॅरिसला 1924 मध्येच सुरू झाली, पॅरालिम्पिक आलं 1960 ला. आणि मशीन म्हणाल तर डेफलिम्पिकमध्ये ते काढूनच उतरावं लागतं. मशीन आवाज वाढवतं, शब्द स्पष्ट करेलच असं नाही, त्यात वारा, घाम, आणि बाउंड्रीवरून कोणीतरी ओरडतोय.

आता लीडरशिप, खरी गंमत इथंय. नॉर्मल पोरांत खेळवा म्हणता, खेळतातच की, पण गल्लीच्या क्रिकेटमध्ये त्याला लाँग ऑनला उभं करतात आणि विसरून जातात, कारण सगळा प्लॅन ओरडून ठरतो. कॅप्टन तो कधीच होत नाही. बहुतेकांच्या घरात, कित्येकदा अख्ख्या गावात तो एकटाच बहिरा असतो, घरच्यांच्या खुणा म्हणजे ये, जा, जेव. कॅम्पमध्ये पहिल्यांदा सगळेच त्याच्यासारखे भेटतात, मग भांडणं पण होतात, टीम कोणी निवडायची यावर. काळ्या मातीत पाय आपटला तरी त्याचा हादरा कोणाला जाणवत नाही, म्हणून कॅप्टन ओव्हरच्या आधी हात वर करून थांबतो, दहाच्या दहा नजरा त्याच्याकडे आल्याशिवाय बॉलच टाकू देत नाही. रात्री लाईट गेली की गप्पा बंद, म्हणून पांघरुणात टॉर्च.

पुढारी व्हायला तोंडच लागतं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या युनिव्हर्सिटीचं बघावं. 1988 ला तिथे पुन्हा ऐकू येणारीच अध्यक्ष नेमली, तर कर्णबधिर विद्यार्थ्यांनी गेट बंद करून आठवडाभरात आपला माणूस, किंग जॉर्डन, त्या खुर्चीवर बसवला. 

राहिलं पैशाचं. हे काही लाड नाहीत, 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 30 खेळासाठीच आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य, काही कॅम्प निव्वळ टोपी-टीशर्ट-फोटोचे असतात. एका ठिकाणी पाहुणे माईकवरून तासभर नेतृत्वगुण समजावत होते, खुणांच्या भाषेत सांगणारा इंटरप्रिटर नाही, पोरं बिचारी समोर बसून एकमेकांशी हातांनी जोक मारतायत. त्यामुळे पोराला पाठवताना फीच्या आधी विचारा की कोच स्वतः कर्णबधिर आहे का, इंटरप्रिटर कोण, रात्री मुक्कामाला खुणांची भाषा येणारा मोठा माणूस कोण. आणि कॅम्प मे महिन्यात असेल तर भुसावळच्या त्या उन्हात मैदान किती वाजता, हे पण.