खुलासा : इग्बो लेकींना वारसाहक्क नाही?

नायजेरियातल्या इग्बो समाजात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत कायद्याने आजही छदाम मिळत नाही, माहेरी तिला किंमतच नसते, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

रूढी तशी होती, कित्येक घरांत अजूनही चालते. वडिलांचं राहतं घर, म्हणजे 'ओबी', थोरल्या मुलाकडे जायचं आणि मुलगी सासरची म्हणून वाटणीत धरलीच जायची नाही. पण 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ही रूढी घटनाबाह्य ठरवली. लेगॉसमधले एक इग्बो गृहस्थ 1981 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या लेकीने वडिलांची पत्नी आणि मुलगा यांच्याविरुद्ध दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ती जिंकली, तरी शेवटचा निकाल लागेपर्यंत वडिलांना जाऊन 32 वर्षं उलटली होती. एवढं झगडून मिळवलेला हक्क एका मेसेजने पुसला जावा, याचं वाईट वाटतं.

आणि माहेरच्या किमतीचं म्हणाल, तर लग्न होऊन गेलेल्या लेकींचा गट, 'उमुआडा', माहेरच्या अंत्यविधीला एकत्र येतो, भावाभावांची भांडणं मिटवतो. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही.