विक्रांत भंगारात गेली, आमची मामा तलावात उतरली

आपल्या नौदलाची जुनी विमानवाहू नौका विक्रांत तोडली तेव्हा आपण सगळ्यांनी फेसबुकवर दोन दिवस हळहळ केली. तिच्यासारखीच दुसरी, विराट, तोडली तेव्हा परत तेच. डीपी बदलले, सरकारला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट. मला या हळहळीचा आता कंटाळा आलाय. माझं मत सांगतो, नाही पटलं तर खाली कमेंटात भांडा.

जहाज जपणं म्हणजे चौकात रणगाडा ठेवण्यासारखं काम, असं आपल्याला वाटतं. रणगाडा आणला, चौथऱ्यावर चढवला, हिरवा रंग मारला, आमदारांनी फीत कापली, मोकळे. पण जहाज पाण्यात उभं असतं आणि पाणी ते रोज खात असतं. विदर्भातल्या माणसाला हे समजायला समुद्र पाहायची गरज नाही, घरचा कूलर पाहावा. टाकीचा पत्रा आधी कुठे सडतो? पाण्याची रेघ असते तिथे. तिथे रोज ओलं होतं, रोज वाळतं. मार्चमध्ये माझ्या वर्कशॉपमध्ये अशा टाक्यांची रांग लागते. जहाजही तिथेच सडतं, फक्त पाणी खारं आणि पत्रा हजारो टनांचा. ठिगळ मारायचं तर सगळं जहाज कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून टाकलेल्या गोदीत, घ्यावं लागतं, आणि एवढी मोठी गोदी नौदलाला स्वतःच्या चालत्या जहाजांसाठीच पुरत नाही.

अमेरिकेची टेक्सास बघा. १९१४ची बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांची चिलखती युद्धनौका, दोन्ही महायुद्धांत लढलेली, १९४८पासून संग्रहालय. एवढी गळायला लागली की रात्रंदिवस पंप चालू. शेवटी राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले आणि २०२२मध्ये तिला ओढत गॅल्व्हेस्टनच्या गोदीत नेलं. जपानने मिकासा ठेवली, ती १९०५ला सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल टोगोंचं जहाज होती. पण ती आता तरंगत नाही, योकोसुकाला तिचा तळ काँक्रीटमध्ये बसवलाय. आणि ज्या इंग्रजांनी बॅटलशिपचा जमाना सुरू केला, त्यांनी स्वतःची एकही बॅटलशिप ठेवली नाही. शेवटची व्हॅनगार्ड १९६०मध्ये तोडायला पाठवली. म्हणजे पैसेवाल्यांनाही सगळं झेपत नाही.

आपलं काय झालं? विक्रांत १९९७ला निवृत्त झाली, २००१पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ला धोकादायक म्हणून बंद केली, २०१४ला सर्वोच्च न्यायालयानेही भंगाराची वाट मोकळी केली. विराटसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा संग्रहालयाचा प्रकल्प मंजूर केला. २०२०मध्ये ती ३८.५४ कोटींना विकून गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर, जिथे जहाजं तोडतात तिथे, चढवली. मंजुरीच्या बातमीवर पेढे वाटणाऱ्यांनी एकदाही विचारलं नाही की दहाव्या वर्षी तिला रंग कोण मारणार.

याच देशात विशाखापट्टणमची कुरसुरा आहे. पाणबुडी, लांबी ९१ मीटर. २००१ला निवृत्त झाली आणि २००२ला थेट समुद्रकिनाऱ्यावर, वाळूवर ओढून संग्रहालय केली. पाण्याबाहेर आहे म्हणून टिकली. माझं म्हणणं एवढंच, की जे कायमचं पाण्याबाहेर काढता येईल तेवढंच जपा आणि ते नीट जपा. बाकीच्या जहाजांचं तोडायच्या आधी इंच न् इंच माप घ्या, ड्रॉइंगं लोकांना खुली करा आणि मोठी मॉडेलं बांधा.

मॉडेल म्हटलं की लोक खेळणं समजतात. जपानची बॅटलशिप यामातो ७ एप्रिल १९४५ला बुडाली. आज कुरे शहरातल्या संग्रहालयात तिचं एकास दहा मापाचं मॉडेल आहे, २६.३ मीटर लांब. आमच्या गावातली एसटी एकापुढे एक दोन वेळा उभी केली तरी पुरणार नाही. आपल्या दीवलाही नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेचं मॉडेल काचेच्या घरात ठेवलंय. १९७१ला ती बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. जहाज समुद्राच्या तळाशी आहे, तिथे मॉडेल नाही ठेवायचं तर काय ठेवायचं?

आता माझं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि कूलर बनवणारा माणूस, भंडारा जिल्ह्यातला. उन्हाळा उतरला की कामं कमी होतात, तेव्हा मी विक्रांत बांधली. एकास पन्नास. खरी २१३ मीटर, माझी सव्वाचार मीटर. ट्रॉलीतून दोन्हीकडे बाहेर येते. १९७१ची विक्रांत आहे, चितगाव आणि कॉक्स बझारवर सी हॉक विमानं पाठवणारी, त्यामुळे विमान उडवायचा पुढचा उंच रॅम्प नाही. तो सी हॅरियर विमानांसाठी नंतर लावला. हे मला प्रत्येक पोट्ट्याला सांगावं लागते, कारण त्याने फोटोत रॅम्प पाहिलेला असतो.

खरी मजा वजनात आहे. लांबी पन्नासाने कमी झाली की वजन पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नासाने कमी होतं. खरी भरलेली विक्रांत साडेएकोणीस हजार टनांची. भागा सव्वा लाखाने, येतात १५६ किलो. माझा अँगलचा सांगाडा, पत्रा, पुट्टी, रेड ऑक्साइड धरून वजन यापेक्षा कमीच भरतं. राहिलेलं वाळूच्या पिशव्यांनी भरायचं, आणि तेही अगदी तळाशी. वर ठेवलं की जहाज झोपलंच. त्यात विमानवाहू जहाजाचा मनोरा उजव्या कडेला, म्हणजे डावीकडे वजन द्यावंच लागतं. पुढच्या टोकाचा पत्रा तर दोन्ही दिशांनी वळतो. तो रोलरवर होत नाही, वाळूच्या गोणीवर ठेवून हातोडीने ठोकत आणावा लागतो. कानठळ्या बसतात, शेजारी अजून बोलत नाही.

गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, उतरवली तेव्हा अर्धं गाव पाळीवर. "तरंगते का जी हे?" असं विचारणारे तरंगल्यावरही तेच विचारत होते. एक म्हातारे ढिवर भाऊ, मासेमारी करणारे, मात्र डोंगा घेऊन जवळ आले. काही न बोलता त्यांनी जहाजाची कड हाताने दाबली, सोडली आणि ती किती वेळात सरळ होते ते पाहत राहिले. परत दाबली, परत पाहिलं. "उलटत नाही हे," एवढं बोलून गेले. नौदलाचे इंजिनियर जहाज डोलवून नेमकं हेच मोजतात. त्या माणसाला कोणी वर्ग घेऊन शिकवलं नाही.

म्हणून म्हणतो, मॉडेल मुंबईत ठेवू नका. मुंबईला खरी जहाजं आहेत. भंडाऱ्याला दारूगोळ्याचा कारखाना, पुलगावला डेपो, दारूगोळा सगळा आमच्या अंगणात आणि जहाज बघायला आठशे किलोमीटर जायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक शेड, एक नीट मापाचं मॉडेल आणि आयटीआयच्या पोरांना ते बांधायचं काम द्या. ८५२ कोटींच्या व्याजात होऊन जाईल.

पुढचं जहाज ठरलंय, ट्रिंकोमाली, इंग्रजांच्या नौदलाची शिडाची युद्धनौका. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ला बांधलेली, मलबारच्या सागवानाची. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, आणि आपल्याकडे तिचं नाव कोणाला माहीत नाही. याचा राग येतो, पण तो वेगळ्या पोस्टमध्ये. हे जहाज लाकडातच करायचंय. सागवान आलापल्लीकडचं मिळेल, पण पट्टी वाफेवर वाकवणारा सुतार मिळत नाहीये. साकोली, लाखनी, पवनी भागात कोणी असेल तर नंबर इनबॉक्समध्ये टाका. मजुरी रोखीने, आणि दुपारचं जेवण आमच्याकडे.