संबंधितांनी कृपया दखल घेऊ नये

वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांचा शेवट पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाक्याने होत आला आहे: ‘तरी संबंधितांनी याची त्वरित दखल घ्यावी.’ या वाक्यात केवढा धोका आहे, हे आपल्या आजोबांच्या कधी लक्षात आले नाही. गल्लीतल्या बंद दिव्याविषयी पोटतिडकीने लिहावे, पत्र छापून यावे, त्याचे कात्रण शेजाऱ्यांपासून व्याह्यांपर्यंत सर्वांना दाखवावे आणि नेमके त्याच आठवड्यात एखाद्या उत्साही कनिष्ठ अभियंत्याने येऊन दिवा लावून जावे, म्हणजे पत्रलेखकाने पुढचा महिनाभर बोलायचे तरी कशावर? सुदैवाने आपल्या पिढीने यावर उपाय शोधला आहे. आपण आपली गाऱ्हाणी व्हॉट्सॲपवरच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये मांडतो आणि त्या ग्रुपमध्ये ‘संबंधित’ म्हणून कोणीही नसते. तरीसुद्धा काही मंडळी अजून हलगर्जीपणा करतात, कुठेतरी फोन लावतात, लेखी अर्ज देतात आणि बघता बघता एक चांगली चालती तक्रार कायमची गमावून बसतात. अशांनी पुढील सूचना ध्यानात ठेवाव्यात.

तक्रार निवडताना घाई करू नये. मोठे दुःख या कामी अजिबात चालत नाही. आजारपण, सुटलेली नोकरी किंवा भावकीतला दावा ग्रुपमध्ये मांडला, तर हात जोडल्याच्या चिन्हांची एक रांग येते, दोघेजण ‘काळजी घे’ असे लिहितात आणि मग दिवसभर कोणी विनोदसुद्धा पाठवत नाही. तक्रार लहान असावी, रोज घडणारी असावी आणि तिच्यात आपला स्वतःचा काडीचाही दोष नसावा. फाटकासमोर आडवी लावलेली मोटार, मागे येताना देशभक्तिपर धून वाजवणारा टेम्पो, जवळचे भाडे नाकारणारा रिक्षावाला, डांबर टाकल्यावर आठवड्याभरात केबलसाठी पुन्हा खणलेला रस्ता, पत्ता अचूक लिहिलेला असताना दाराखाली उभे राहून ‘लोकेशन पाठवा’ म्हणणारा पार्सलवाला, ही सगळी उत्तम प्रतीची सामग्री आहे. परंतु ज्याला दीर्घकाळ टिकणारे काही हवे आहे, त्याने वरच्या मजल्यावरच्या नूतनीकरणाशिवाय दुसरे काही शोधू नये.

समजा, आपण पुण्यात कोथरूडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहता आणि चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जुन्या फरशा काढायला घेतल्या आहेत. ब्रेकर सुरू होतो तेव्हा आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातली कपबशी हलते. मार्बल कटर सुरू होतो तेव्हा कुकरच्या शिट्या मोजता येत नाहीत आणि भाताची खिचडी होते. राडारोड्याची पोती लिफ्टमधून उतरतात आणि त्यांची धूळ आपल्या पायपुसण्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी काही लोक तडक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जातात, जे फार अविचाराचे आहे, कारण सोसायटीच्या उपविधींमध्ये लेखी तक्रारीची सोय करून ठेवलेली आहे आणि असा अर्ज आला की समितीला तो पुढच्या बैठकीत घेऊन आपला निर्णय कळवावा लागतो. म्हणजे एका कागदाच्या चिटोऱ्यामुळे कामाच्या वेळा ठरतील, दुपारची शांतता मिळेल आणि आपल्या हातात सांगण्यासारखे काहीही उरणार नाही.

त्यापेक्षा कायद्याचा उपयोग साहित्यिक अंगाने करावा. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली झाले आणि त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा, हे तपशील पाठ करून ठेवावेत. फोनमध्ये आवाज मोजण्याचे ॲप उतरवून घ्यावे, हात उंच करून ते छताजवळ धरावे, आकडा लाल झाला की त्याचा स्क्रीनशॉट काढावा आणि तो ताबडतोब नागपूर, दुबई व न्यू जर्सी येथे राहणाऱ्या शाळासोबत्यांकडे पाठवावा. तो पोलिसांच्या ११२ क्रमांकाशी संबंधित कोणाच्या हाती पडू नये, एवढी दक्षता मात्र घ्यावी. आडव्या लावलेल्या मोटारीचे छायाचित्र काढतानाही हाच नियम पाळावा. मोटार पूर्ण दिसावी, आपले अडलेले फाटक दिसावे, हवे तर त्याभोवती लाल वर्तुळ काढावे, पण नंबरप्लेट चौकटीबाहेर राहील असे बघावे, कारण ग्रुपमध्ये कोणाचा मेहुणा वाहतूक शाखेत असेल हे सांगता येत नाही.

मजकूर कसा लिहावा, यावर मतभेद आहेत. बोलून पाठवलेल्या निरोपात उसासे, दाराचा आवाज आणि मागचा कटरचा आवाज हे सारे जिवंत उतरते, हे खरे. पण २०२१ पासून असे निरोप दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय झाली असल्यामुळे आपली गंभीर व्यथा समोरच्याला लिलाव पुकारल्यासारखी ऐकू येते. म्हणून लिहिणेच बरे. लिहिताना सुरुवात ‘आज तर कहर झाला’ अशी करावी, मग काल काय झाले ते सांगावे, मग परवाचे, आणि मजकूर इतका वाढवावा की ‘आणखी वाचा’ असे निळ्या अक्षरांत दिसू लागेल. राग थंड होण्याआधी पाठवणे महत्त्वाचे आहे. तासभर थांबल्यास वरच्या मजल्यावरच्या माणसालाही घर आहे, त्याच्याही न्हाणीघरात गळती होती, असे विचार मनात येऊ लागतात आणि शैली बिघडते.

आता ऐकणाऱ्यांविषयी. मित्र जितका दूर, तितका तो या कामी चांगला. न्यू जर्सीच्या मित्राचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे आपल्या दुपारच्या कटरची हकिकत तो पहाटे अंथरुणात वाचतो आणि अर्धवट झोपेत ‘ग्रेट यार’ असा चुकीचा शेरा मारतो. त्याबद्दल त्याला क्षमा करावी, कारण हिवाळ्यात घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ घरमालकानेच काढायचा असतो, या त्याच्या व्यथेवर आपणही ‘मज्जा आहे तुझी’ असेच लिहिलेले असते. एकाने गाऱ्हाणे मांडले की दुसऱ्याने ‘हे काहीच नाही, आमच्याकडे तर’ अशी सुरुवात करून आपले मांडावे, हा शिष्टाचार सर्वांना माहीत आहेच. नागपूरकर उन्हाचा विषय काढतो, त्यावर कोणाचे काही चालत नाही. दुबईकर भाडेवाढ काढतो. मुंबईत राहणारा लोकलमधल्या चौथ्या सीटवरून झालेले भांडण सांगतो, ज्यात अर्धे बूड आत आणि अर्धे बाहेर ठेवून विरारपर्यंत गेल्याचे वर्णन दरवेळी नव्या तपशिलासह येते. कोणी कोणाचे पूर्ण वाचत नाही, पण प्रत्येकाला आपले वाचले गेले असे वाटते, आणि अशी सोय लग्नाच्या पंगतीतही होत नसे.

या सगळ्याला खरा धोका असतो तो उपाय सुचवणाऱ्या मित्रापासून. असा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. वीज गेली म्हणून आपण रसाळ परिच्छेद लिहावा, तर हा खाली ‘१९१२ ला फोन कर’ एवढेच लिहून मोकळा होतो. जाहिरातींच्या फोनचा विषय निघाला की ‘१९०९ वर नोंदणी कर, नाही थांबले तर तिथेच तक्रार टाक’ असे सांगतो. रस्त्याचे निघाले की दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज कर, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, असे म्हणून सबंध संध्याकाळ नासवतो. याला ग्रुपमधून काढून टाकू नये, कारण मग तो एकेकट्याला फोन करू लागतो. त्याला उत्तरे तयार ठेवावीत. ‘केला होता, लागतच नाही’ हे पहिले. ते न केलेल्या फोनविषयी असले तरी लागत नाही हा भाग त्यात खराच असतो. ‘त्याने काय होणार आहे?’ हे दुसरे. आणि दोन्ही निष्फळ ठरल्यास ‘आपल्याकडे हे असंच चालायचं’ हे ब्रह्मास्त्र सोडावे, ज्यानंतर बाकीचे सर्व अंगठे वर करतात आणि तो बिचारा गप्प बसतो. त्याने फारच आग्रह धरला आणि ‘मी करू का तुझ्या वतीने?’ असे विचारले, तर विषय बदलून शाळेतल्या मास्तरांवर आणावा.

पुण्याची जुनी पाटी या बाबतीत किती मागासलेली होती, हे सहज सांगतो. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ असे लिहिणारा माणूस आपला राग थेट फाटकावर टांगत असे, म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याच्या डोळ्यांसमोर. गाडी लावणारा ती वाचायचा, शरमायचा किंवा उलट भांडायचा, पण दोन्ही प्रकारे प्रकरण निकालात निघायचे. राग आणि त्याचे कारण यांच्यात चार फुटांचे अंतर होते. आज तेच अंतर आपण सातासमुद्रांपलीकडे नेले आहे.

अंतराची ही शिस्त एकाच ठिकाणी मोडते, आणि ते म्हणजे सोसायटीचा ग्रुप. तिथे चौथ्या मजल्याचे गृहस्थही आहेत. तिथे फक्त शुभ सकाळ, पाण्याच्या टँकरची वेळ आणि वाढदिवस यांपलीकडे काही लिहू नये. दोन्ही ग्रुपांची चित्रे सारखी दिसत असतील तर एकाचे आजच बदलून घ्यावे. तरीही चुकून तिसऱ्या मजल्याची व्यथा थेट चौथ्या मजल्यावर पोहोचली, तर ती सर्वांसाठी पुसून टाकायला दोन दिवस आणि बारा तासांची मुदत मिळते. मात्र पुसल्यावर ‘हा संदेश हटवला गेला’ अशी ओळ मागे राहते आणि तिची चौकशी मूळ मजकुरापेक्षा जास्त होते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

एखादा अभ्यासू मित्र मध्येच मानसशास्त्र आणील, त्याचीही तयारी असावी. राग बाहेर काढला की मन हलके होते, ही समजूत अमेरिकेतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासली. ज्यांनी आपल्याला चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले त्यांचा राग अधिक राहिला, आणि जे काहीही न करता नुसते दोन मिनिटे बसून राहिले त्यांचा कमी झाला. हे ऐकून खचून जाण्याचे कारण नाही. उलट, रोज दुपारी एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा ग्रुपमध्ये कटरचा विषय काढल्यास राग वर्षभर ताजा ठेवता येतो, याला इतका चांगला शास्त्रीय आधार दुसऱ्या कोणी दिला असता असे वाटत नाही. लोणच्यावर तेलाचा थर राखावा तसा हा राखायचा असतो. नुसते बसून राहणे मात्र टाळावे. त्यात फार नुकसान आहे.

कधीकधी तक्रार आपोआपच संपते. फरशा बसतात, मिस्त्री पोती गुंडाळून जातो आणि एका मंगळवारी दुपारी घरात एकाएकी एवढी शांतता पसरते की पंख्याचा खट्‌ खट्‌ आवाज ऐकू येतो. पंख्याचा आवाज ही तक्रार होऊ शकत नाही, कारण पंखा आपलाच आहे. अशा प्रसंगासाठी दोन-तीन गाऱ्हाणी नेहमी राखीव ठेवावीत. बँकेचे, विम्याचे आणि ज्याची आपण कधी चौकशीही केली नव्हती त्या तळेगावच्या भूखंडाचे फोन येत राहतील अशी व्यवस्था असावी. क्रमांक १४० ने सुरू झाला म्हणजे फोन जाहिरातीचा आहे हे दिसत असूनही तो उचलावा, पूर्ण ऐकावा आणि मगच चिडावे.

शेवटची सूचना सर्वांत अवघड प्रसंगाची आहे. काम ऐन भरात असताना एक दिवस चौथ्या मजल्याचे गृहस्थ आपल्याला लिफ्टमध्ये गाठतील. त्यांच्या बुटांवर सिमेंट असेल, डोळ्यांखाली जागरण असेल, आणि ते अत्यंत अदबीने म्हणतील, ‘काका, खूप त्रास होतोय ना आमच्यामुळे? दुपारी दोन ते चार बंद ठेवायला सांगू का मिस्त्रीला? मिसेस म्हणत होत्या, तुम्ही त्या वेळी पडता म्हणून.’ हा क्षण कसोटीचा असतो. येथे जो ‘बरं होईल’ म्हणाला, त्याचे सगळे संपले. डोळ्यांत डोळे घालून, चेहऱ्यावर जमेल तेवढा मोकळेपणा आणून म्हणावे, ‘छे छे, अहो आम्हाला तर कळतसुद्धा नाही! आणि काम काय रोज निघतं का? चालू द्या निवांत.’ त्यांनी पुन्हा विचारल्यास पुन्हा हेच सांगावे आणि वर चहाला येण्याचे आमंत्रण द्यावे. मजकूर लिफ्टमध्येच टाइप करायला घेऊ नये, तिथे रेंज नसते. ते गृहस्थ आपल्या स्कूटरकडे वळेपर्यंत थांबावे, मग पार्किंगमधल्या खांबाला टेकून सावकाश लिहावे: ‘आज तर कहर झाला. समोर येऊन साधं सॉरीसुद्धा म्हणाला नाही.’