उन्हाची रोकड जुळेना

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाने गच्चीवर सौर यंत्रणा बसवू नये, असा इशारा शासनाने अनुदानाच्या अर्जावरच छापायला हवा होता. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर घरी जायचे नाही, एका रुपयाचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत दिवे मालवायचे नाहीत, या शिस्तीत ज्याची हयात गेली, त्याच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी ‘आजचे उत्पादन’ म्हणून एक आकडा येऊ लागला की काय होते, ते मी वर्षभर भोगतो आहे. आकडा रोज वेगळा असतो आणि रोज थोडा कमीच वाटतो. फरक कोणाच्या नावे टाकावा तेही कळत नाही, कारण ज्या रोखपालाच्या हातून तो झाला तो पंधरा कोटी किलोमीटरवर बसलेला आहे आणि त्याला मेमो देण्याची सोय नाही.

आमच्या पुण्याच्या घरावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ५४० वॅटची सहा पॅनेल चढली, म्हणजे एकूण ३.२४ किलोवॅट. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, ते यथावकाश खात्यावर जमा झाले आणि त्याची नोंद मी पासबुकात छापून आणली. येथपर्यंत सर्व नियमाप्रमाणे झाले. घोळ झाला तो जोडणी करणाऱ्या मुलाला चहा देताना. मी विचारले, “रोजचे किती युनिट धरायचे?” तो बशीत चहा ओतत म्हणाला, “काका, किलोवॅटला चार. बारा-तेरा डोळे झाकून धरा.” तो बिचारा वर्षाची सरासरी सांगत होता. मी ते मुदत ठेवीच्या व्याजासारखे ऐकले.

त्याच संध्याकाळी एक लांब वही काढून तिला तारीख, युनिट, आकाश आणि शेरा असे चार रकाने आखले. शेऱ्याच्या रकान्यात ‘निरभ्र, तरीही ११.४. चौकशी व्हावी.’ अशा नोंदी पडू लागल्या. दिवेलागणीला मी वही उघडली की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारी, “अहो, आज सूर्य पास का नापास?”

पहिली रीतसर चौकशी डिसेंबरात झाली. आकाश घासून ठेवल्यासारखे लख्ख होते, हवेत गारठा होता आणि आकडा मात्र साडेअकराच्या वर सरकत नव्हता. ॲपमध्ये दिवसभराचा आलेख दिसतो आणि प्रकृती ठीक असेल तर तो देवघरातल्या घंटेच्या आकाराचा असतो. सकाळी हळूहळू चढतो, साडेबाराच्या सुमारास गोल होतो आणि तसाच उतरतो. माझ्या घंटेला डाव्या अंगाला पोचा आला होता. ढगाने पाडलेला पोचा रोज जागा बदलतो. हा मात्र सरकारी कचेरीलाही न जमणाऱ्या वक्तशीरपणाने रोज सव्वाआठ ते दहाच्या दरम्यानच येत होता. तेव्हा एके दिवशी सकाळी कानटोपी चढवून, खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन मी गच्चीवर पाळत ठेवायला बसलो. बरोबर सव्वाआठ वाजता गुन्हेगार आला. आमच्याच जिन्याच्या माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या पॅनेलच्या कोपऱ्यावर चढली, संथपणे आडवी झाली, त्याच्या शेजाऱ्यालाही कवेत घेऊन तासभर विसावली आणि दहाच्या ठोक्याला उतरून गेली.

ही टाकी जागेची मोजणी झाली तेव्हाही तेथेच होती. परंतु मोजणी भर दुपारी झाली होती आणि दुपारी सावली जवळच पडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की पुण्यात माध्यान्हीलासुद्धा तो क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो, मग सकाळी आठची गोष्टच सोडा. त्यातून आमची सहाही पॅनेल एका माळेत ओवलेली. त्यांतल्या एकावर सावली आली की प्रवाह तिथे अडतो. पॅनेलमधले डायोड सावलीतला भाग वगळून प्रवाहाला आडवाटेने पुढे काढतात खरे, पण वगळलेल्या भागाचे उत्पादन बुडते ते बुडतेच. मी टाकी हलवण्याचा प्रस्ताव घरात मांडला. सौभाग्यवतीने भाजी निवडता निवडता विचारले, “रोजचं किती बुडतं?” मी म्हणालो, एक युनिट. “किती दिवस?” दोन महिने. “म्हणजे साठ युनिट, दहा रुपयांनी सहाशे. आणि टाकी हलवायला प्लंबर किती घेईल?” बँकेने पस्तीस वर्षे चुकीच्या माणसाला पगार दिला, अशी शंका मला त्या दिवशी प्रथम आली.

जानेवारीच्या अखेरीस सावली आपोआप आखडली. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्या वहीत मात्र चढ त्याआधीच सुरू झालेला दिसतो, कारण वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरलाच होऊन जातो. तिळगुळाच्या आणि माझ्या हिशेबात तीन आठवड्यांचा फरक येतो. तो मी सध्या सस्पेन्स खाती, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात त्या खात्यात, टाकून ठेवला आहे.

मार्चमध्ये वहीला पालवी फुटली. रोज पंधरा युनिट, एखाद्या दिवशी सोळासुद्धा. मी तत्काळ त्रैराशिक मांडले: मार्चच्या उन्हाला पंधरा, तर मेच्या उन्हाला अठरा तरी हवेतच. हे भाकीत मी नागपूरच्या साडूंना फोनवरून ऐकवले, कारण त्यांच्याकडेही तीन किलोवॅटच आहे आणि साडू हे नाते मुळात तुलनेसाठीच निर्माण झाले आहे. ते म्हणाले, “पुण्याचं ऊन म्हणजे काय हो, चांदणंच! आमचा मे येऊ द्या, मग बोलू.” एप्रिल उजाडला आणि उकाडा वाढेल तसतसा माझा आकडा खाली येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात तो चौदावर टेकला. साडूंचा फोन यायचा बंद झाला, त्यावरून त्यांचा कोठे टेकला असावा याचा मी अंदाज बांधला.

मग मी जोडणीची कागदपत्रे प्रथमच सबंध वाचली. पॅनेलच्या पाठीवर ५४० वॅट असे जे लिहिलेले असते, ते दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि पॅनेलमधल्या सेलचे तापमान २५ अंश, अशा अटीवर. मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवर २५ अंश! वधूवर मंडळात दिलेल्या स्टुडिओतल्या फोटोइतकाच तो आकडा खरा आहे. माणूस तोच, पण संसारात तो तसा दिसत नाही. भर उन्हात सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. म्हणजे ६५ अंशांना शंभरातले तेरा-चौदा वॅट उष्णता परस्पर कापून घेते. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. मार्चमध्ये प्रकाश भरपूर आणि अंग बेताचे गरम, म्हणून तो महिना बाजी मारतो. मी इतकी वर्षे उन्हाळा आणि ऊन एकाच खात्यात धरत होतो.

दुसरे कलम दिशेचे निघाले. १३ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. पॅनेल मात्र हिवाळ्याचा विचार करून दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली. पाहुणा मागच्या दाराने येतो आणि आम्ही पुढच्या दारात निरांजन घेऊन उभे, असा प्रकार. जूनमध्ये दिवस डिसेंबरपेक्षा सव्वादोन तासांनी मोठा असतो म्हणून ही तूट पुष्कळशी भरून निघते, हे मला नंतर समजले; तोपर्यंत वहीत ‘दिशा चुकली काय?’ असा लाल शेरा पडून गेला होता.

धुळीबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय माझ्या पाठीला चांगला माहीत आहे. पावसाळ्यानंतर धूळ साचत जाते, कबुतरे तिच्यावर आपापली सही करून जातात, आणि पॅनेल पहाटे, ती गार असतानाच साध्या पाण्याने पुसावी लागतात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते आणि बोअरचे पाणी क्षाराची रांगोळी काढून ठेवते. पहिल्यांदा पुसली त्या दिवशी अर्धा युनिट वाढला. मी घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी न पुसता आणखी अर्धा वाढला. काकतालीय न्याय शाळेत शिकलो होतो, पण त्यातला कावळा आमच्या घरी कबुतराच्या रूपाने आला.

गुरुवारांनी तर माझी झोपच उडवली. वहीत दर दोन-तीन आठवड्यांनी एका गुरुवारचा आकडा निम्म्यावर येई. आकाश निरभ्र, पॅनेल स्वच्छ, सावली नाही आणि आलेख सकाळी अकराला कड्यावरून उडी घेतल्यासारखा शून्यावर. ग्रहांची वगैरे शंका मनात येण्याइतपत माझी मजल गेली होती. उलगडा साधा होता: त्या गुरुवारी देखभालीसाठी वीजपुरवठा बंद असे आणि बाहेरची वीज गेली की आमच्यासारख्या बॅटरी नसलेल्या घरातला, पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करून देणारा इन्व्हर्टरही आपणहून थांबतो. थांबलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखालच्या तारेत आमच्या गच्चीवरची वीज शिरायची. कारण पटले, तरी लख्ख उन्हात, डोक्यावर सव्वातीन किलोवॅट घेऊन, हातपंख्याने वारा घेत बसण्यात जी लाचारी आहे ती पटत नाही.

नेट मीटरचा, म्हणजे बाहेरून आलेली आणि बाहेर पाठवलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा, अध्याय मात्र पूर्णपणे माझ्या मूर्खपणाचा आहे. एप्रिलमध्ये ॲप म्हणत होते ४३० युनिट आणि बिलावर बाहेर पाठवलेले युनिट होते २४८. एकशे ब्याऐंशी युनिटांची अफरातफर! मी वही काखोटीला मारून वीज कार्यालयात गेलो आणि तिथल्या बाईंपुढे दोन्ही आकडे लाल शाईने गोल करून ठेवले. त्यांनी वही शांतपणे पाहिली आणि विचारले, “काका, दिवसा तुमच्या घरात पंखा, फ्रीज, मिक्सर काही चालत नाही का?” तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेलीच मीटरमधून बाहेर पडते. मी हातखर्चासाठी काढलेली रक्कम चोरी म्हणून नोंदवत होतो. पंख्याखाली बसूनच ती तक्रार मी लिहून काढली होती, हे मी बाईंना सांगितले नाही.

शेवटी अमेरिकेतल्या भाच्याने ‘पीव्हीवॉट्स’ नावाचा गणक दाखवला. तो तिकडच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने तयार केला आहे. गावाचे ठिकाण, किलोवॅट, पॅनेलचा कल, दिशा आणि धूळ, तारा वगैरेंपायी होणारी सुमारे १४ टक्के घट भरली की प्रत्येक महिन्याचा अपेक्षित आकडा समोर येतो. मी भरले आणि अवाक् झालो. डिसेंबरात मी प्रयोगशाळेला अक्षरशः धूळ चारली होती! साडूंना फोन लावला, जुन्या सहकाऱ्यांना कळवले, रात्री आमरसाची फर्माईशही केली. दुसऱ्या दिवशी भाच्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, “मामा, दिशेला शून्य भरलंय तुम्ही. शून्य म्हणजे उत्तर. दक्षिणेला एकशे ऐंशी.” एकशे ऐंशी भरल्यावर डिसेंबरात मी थोडा मागे पडलो, आणि तो फरक टाकीच्या सावलीएवढाच होता. भाच्याने वर एक नियम घालून दिला: “रोजचा आकडा बघूच नका. महिन्याची बेरीज करा, किलोवॅटने भागा, अंदाजाच्या दहा टक्के इकडेतिकडे असेल तर निवांत झोपा.”

मी झोपलोही असतो. पण तो मे महिना २०२५ सालचा होता. मध्यापासूनच पावसाने ठाण मांडले. २४ मेला केरळात पोचलेला मोसमी पाऊस, जूनच्या दहा-अकरा तारखेची वाट न पाहता, २६ मेला मुंबई-पुण्यात दाखल झाला. माझी महिन्याची सरासरी साडेदहावर आली. जुलैत एका दिवशी २.१ युनिट झाले, त्याचे मात्र काहीच वाटले नाही. जुलैत आकाशाकडून कोणाचीच वसुली होत नाही. मेचे दुःख वेगळे आहे. एका वर्षाची तुलना मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी, हा ताळेबंदाचा पहिला धडा, आणि माझ्याकडे तुलनेला जो एकमेव मे आहे तो पावसात भिजून निकामी झालेला आहे. पुढचा मे कसाही असला तरी त्याच्यापेक्षा उजवाच ठरणार.

तेव्हा पुढच्या मेच्या पानावर मी आजच पेन्सिलीने शेरा लिहून ठेवला आहे: ‘उत्पादनात भरघोस वाढ. कारण: फडके बदलले.’