लेक वाचवायची म्हणून बाईला अडवायचं?

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राला त्यानंतर सहा वर्षं लागली. त्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो कायदा सैल करा असं मी कधीही म्हणणार नाही. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. हे भयंकरच आहे.

पण या लढाईच्या नावाखाली गर्भपात हाच गुन्हा असल्यासारखं वागायची सवय आपल्याकडे रुजली आहे, त्यावर बोलायला हवं. लिंगतपासणीला बंदी करणारा कायदा वेगळा आणि गर्भपाताला परवानगी देणारा वेगळा. हा दुसरा तर आधीचा आहे, १९७१ चा. ज्या समितीच्या शिफारशींवरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. चोरूनमारून गर्भ पाडताना बायका जिवाला मुकतात, हे त्या काळी सरकारला समजत होतं.

२०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं, लिंगतपासणी करून मुलींचे गर्भ पाडणाऱ्या दवाखान्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यानंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्या विकणाऱ्या दुकानांवर कारवाया झाल्या. नसती झंझट नको म्हणून कित्येक औषध दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. आता जरा आठवडे मोजा. या गोळ्या घ्यायच्या त्या नवव्या आठवड्यापर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसायला बारा-तेरा आठवडे तरी जावे लागतात. मग गोळ्या गायब करून कुठली लेक वाचली? अडली ती दोन मुलं पदरात असलेली, पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरकडे गेलेली बाई.

माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. हातात डॉक्टरची चिठ्ठी होती, तरी तालुक्याच्या गावातल्या एकाही दुकानात गोळ्या मिळाल्या नाहीत. एका दवाखान्यात सांगितलं, "ताई, मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." मिस्टर कामासाठी परराज्यात. ते येईपर्यंत गोळ्यांची मुदत टळली आणि पिशवी साफ करून घ्यावी लागली. खर्च वाढला, अंगावर गेलं ते वेगळंच. तेवढ्या दिवसांत तिला किती जणांनी विचारलं, "आधीच्या मुलीच आहेत का?" तिला एक मुलगा, एक मुलगी आहे. असती दोन्ही मुलीच, तरी तिसरं मूल नको म्हणायचा हक्क तिला होताच ना?

अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टरांना बजावलं आहे की कायद्यात नसलेल्या अटी घालू नका. त्याच निकालाने वीस ते चोवीस आठवड्यांमधल्या गर्भपाताची वाट अविवाहित बायकांनाही मोकळी केली. तरी दवाखान्यात मंगळसूत्राकडे नजर जातेच.

डॉक्टरांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कायद्याच्या चौकटीबाहेरचा गर्भपात आजही फौजदारी गुन्हा आहे, आणि परवानगी असते ती डॉक्टरच्या मतावर. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे ठरावीक कारणांसाठी दोघांचं, चोवीसनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचं. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली, पण निर्णय बाईच्या हातात आलाच नाही. मला सगळ्यात जास्त हे खटकतं.

शासनाकडे माझं मागणं आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या गोळ्या आणि त्या देणारी प्रशिक्षित माणसं कायम असू द्या. चिठ्ठीवर गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराच्या मागे लागू नका, धाडी बेकायदा तपासणी करणाऱ्या सोनोग्राफी सेंटरवर घाला. आणि लिंगतपासणी गुन्हा असल्याचा फलक दवाखान्यात लागतो, त्याच्याच शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरा फलक लावा: 'गर्भपात कायदेशीर आहे. नवऱ्याची सही लागत नाही.'